ग्रहाचा वेग: हिशेब आणि पडताळा



गणिताच्या एका शिक्षकाच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते. म्हणून विषय निवडताना मी स्वतःला एकच अट घातली: आज जे सांगेन, ते श्रोत्यांना घरी जाऊन कागद-पेन्सिलीने करून पाहता आले पाहिजे. एखादा ग्रह आपल्या ताऱ्याभोवती किती वेगाने फिरतो, हे काढायचे कसे, हा आजचा विषय आहे. हा हिशेब करायला शाळेतले गणित पुरते. तो बरोबर आहे की नाही हे तपासायला मात्र माणसाला कित्येक शतके लागली. मला त्या हिशेबाइतकेच, किंबहुना थोडे अधिक, त्या पडताळ्याबद्दल बोलायचे आहे.

पृथ्वीपासूनच सुरुवात करू. वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. पृथ्वीची कक्षा जवळजवळ वर्तुळाकार आहे आणि सूर्यापासून तिचे सरासरी अंतर १४ कोटी ९६ लाख किलोमीटर आहे. त्याची दुप्पट करून पाय, म्हणजे ३.१४१६, या संख्येने गुणले की कक्षेचा परीघ मिळतो. तो भरतो सुमारे ९४ कोटी किलोमीटर. वर्षाचे दिवस ३६५.२५ आणि एका दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार होतो ३ कोटी १५ लाख ५७ हजार ६०० सेकंद. आता भागाकार करा. उत्तर येते सेकंदाला २९.८ किलोमीटर. या वेगाने मुंबई ते पुणे हा प्रवास पाच सेकंदांत संपेल.

या भागाकारातला खालचा आकडा, म्हणजे वर्षाचा काळ, माणसाला फार पूर्वी आणि फार अचूक सापडला होता. वरचा आकडा, म्हणजे अंतर, भरवशाने हाती यायला सतरावे शतक उजाडावे लागले. ग्रहाचा वेग कळला नव्हता तो अंतर कळत नव्हते म्हणून.

आपल्याकडच्या सिद्धान्तकारांनी या अडचणीतून कशी वाट काढली, ते मुद्दाम पाहण्यासारखे आहे. आर्यभट, सूर्यसिद्धान्ताचा कर्ता, पुढे भास्कराचार्य, या सगळ्यांनी एक गृहीतक धरले. सर्व ग्रह दिवसाला सारखीच योजने चालतात. शनी मंद दिसतो तो दूर आहे म्हणून, चंद्र चपळ दिसतो तो जवळ आहे म्हणून. हे एकदा मानले की एका चंद्राच्या अंतरावरून बाकीच्या साऱ्या कक्षा मांडता येतात. सूर्यसिद्धान्तात चंद्राच्या कक्षेचा परीघ ३,२४,००० योजने दिला आहे. चंद्र नक्षत्रांमधली आपली फेरी २७.३२ दिवसांत पुरी करतो. भागाकार केला की दिवसाला सुमारे ११,८५९ योजने येतात. हीच चाल सूर्याला, हीच शनीला. तिला सूर्याच्या ३६५.२६ दिवसांनी गुणले की सूर्याची कक्षा सुमारे ४३ लाख ३१ हजार योजनांची होते.

गृहीतक सुबक आहे. ग्रहांचा जवळ-दूरचा क्रम त्यातून ठीक लागतो. पण ते खरे आहे का, हे तपासायचे साधन त्याच ग्रंथात होते, आणि इथे मला जरा थांबायचे आहे.

ग्रह मधूनच वक्री होतात, उलटे चालल्यासारखे दिसतात. त्यांचे आकाशातले नेमके स्थान काढण्यासाठी आपल्या ज्योतिषात शीघ्रफल नावाचा संस्कार करतात. त्यासाठी प्रत्येक ग्रहाचा शीघ्रपरिधी अंशांत दिलेला असतो. सूर्यसिद्धान्तात तो गुरूसाठी ७० ते ७२ आणि शनीसाठी ३९ ते ४० आहे. ग्रह वक्री दिसतो त्याचे खरे कारण पृथ्वी स्वतः फिरते हे आहे. त्यामुळे बाहेरच्या ग्रहांच्या बाबतीत हा परिधी म्हणजे वस्तुतः पृथ्वीची कक्षा त्या ग्रहाच्या कक्षेच्या मानाने केवढी आहे, याचे ३६० च्या प्रमाणात मांडलेले माप आहे. ३६० ला ७० ने भागा. उत्तर ५.१४. आजच्या मोजणीप्रमाणे गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या ५.२ पट दूर आहे. ३६० ला ३९ ने भागा. उत्तर ९.२३. शनी साधारण ९.५ पट दूर आहे. इतके चांगले आकडे आपल्या पंचांगकर्त्यांच्या हाताखाली शेकडो वर्षे वापरात होते.

आता सारख्या चालीचे गृहीतक काय सांगते ते पाहा. गुरूची प्रदक्षिणा ११.८६ वर्षांची. चाल सारखी असेल तर तो सूर्याच्या ११.८६ पट दूर असला पाहिजे. म्हणजे गुरूच्या अंतराची दोन उत्तरे एकाच ग्रंथातून निघत होती: एका वाटेने जवळजवळ १२ पट, दुसऱ्या वाटेने ५ पट. शीघ्रपरिधीकडे स्थान काढण्याचे साधन म्हणून पाहिले गेले, अंतराचे माप म्हणून सहसा नाही, म्हणून ही दोन उत्तरे समोरासमोर आली नाहीत. यात आपण कमीपणा मानण्याचे कारण नाही. ग्रीक ज्योतिर्विद टॉलेमीच्या ग्रंथातही हेच प्रमाण होते आणि कोपर्निकसने १५४३ साली सूर्याला मध्यभागी ठेवीपर्यंत, सुमारे चौदाशे वर्षे, तिथेही ते तसेच पडून राहिले. जुनी माने आणि आधुनिक माने शेजारी ठेवून निर्भीडपणे कशी तपासावीत, याचा वस्तुपाठ मराठीतच आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ साली पुण्यात छापला गेला. तो आजही प्रत्येक ग्रंथालयात असायला हवा.

ग्रहांच्या चालीचा खरा नियम केप्लरला सापडला. टायको ब्राहे १६०१ साली प्राग शहरात वारला आणि त्याची वर्षानुवर्षांची मंगळाची निरीक्षणे केप्लरच्या हाती आली. त्यांवर झगडून त्याने १६०९ साली पहिले दोन नियम प्रसिद्ध केले. ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असते, आणि सूर्याजवळ आला की ग्रह वेगाने धावतो, दूर गेला की मंदावतो. तिसरा नियम त्याला १५ मे १६१८ रोजी उमगला. प्रदक्षिणाकाळाचा वर्ग हा अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो.

दुसरा नियम तपासायला दुर्बीण लागत नाही, घरातले कालनिर्णय पुरते. मार्चमधल्या विषुवदिनापासून सप्टेंबरमधल्या विषुवदिनापर्यंतचे दिवस मोजा. ते १८६ भरतील. तिथून पुन्हा मार्चपर्यंत मोजा. ते १७९ भरतील. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते आणि तेव्हा तिचा वेग सेकंदाला ३०.३ किलोमीटर असतो. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत दूर असते, तेव्हा तो २९.३ वर येतो. सेकंदाला एका किलोमीटरचा हा फरक वर्षाच्या दोन अर्ध्यांत सात दिवसांचा फरक पाडतो. क्षयमास हिवाळ्याच्या सुमारासच का येतो, याचेही मूळ इथेच आहे. त्या दिवसांत सूर्य एक रास लवकर ओलांडतो, सौर महिना लहान होतो, आणि क्वचित एका चांद्रमासात दोन संक्रांती पडतात. ग्रहाची चाल क्षणोक्षणी बदलते हे भास्कराचार्यांनी नीट ओळखले होते. ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीत त्यांनी दिवसाच्या सरासरी गतीपेक्षा वेगळी अशी तात्कालिक गती मांडली, आणि चंद्रासारख्या जलद ग्रहासाठी तीच घ्यावी असे सांगितले.

आता तिसऱ्या नियमाकडे वळू, कारण आपला हिशेब त्यावर उभा आहे. अंतर चौपट झाले तर काळ आठपट होतो. म्हणजे चौपट लांबीची वाट आठपट वेळात. वेग निम्मा झाला. अंतर नऊपट झाले तर वेग एकतृतीयांश. थोडक्यात, वेग अंतराच्या वर्गमुळाने कमी होतो. गुरू ५.२ पट दूर आहे. ५.२ चे वर्गमूळ २.२८. पृथ्वीच्या २९.८ ला २.२८ ने भागले की १३.१ येतात. हेच दुसऱ्या वाटेने करून पाहा: ५.२ पट लांबीची वाट, ११.८६ पट वेळ. २९.८ गुणिले ५.२, भागिले ११.८६. पुन्हा १३.१. दोन वाटा, एक उत्तर. सिद्धान्तग्रंथांत जुळला नव्हता तो पडताळा इथे जुळतो. याच रीतीने बुध सेकंदाला ४७.४ किलोमीटर धावतो आणि नेपच्यून अवघा ५.४.

हा नियम असाच का, हे न्यूटनने सांगितले. हॅली १६८४ साली त्याच्याकडे प्रश्न घेऊन गेला आणि त्यातून १६८७ साली प्रिन्सिपिया हा ग्रंथ आला. ग्रह सरळ जाऊ पाहतो, सूर्य त्याला आपल्याकडे ओढतो. पृथ्वी एका सेकंदात २९.८ किलोमीटर पुढे जाते आणि तेवढ्याच वेळात सरळ रेषेपासून सूर्याकडे सुमारे ३ मिलिमीटर वळते. एवढ्या लांब पल्ल्यात एवढेच वळण, पण ते दर सेकंदाला, न चुकता. त्या वळणानेच वर्षभरात वर्तुळ पुरे होते. वेग याहून कमी असता तर पृथ्वी सूर्याकडे झुकली असती, जास्त असता तर दूर गेली असती.

न्यूटनच्या गणितात एक गोष्ट लक्ष देण्याजोगी आहे. त्यात ग्रहाचे वस्तुमान येत नाही. जड ग्रहावर ओढ जास्त असते, पण त्याला वळवायला बळही तितकेच जास्त लागते. पृथ्वीच्या जागी एखादा डोंगराएवढा लघुग्रह ठेवला तरी तो याच वेगाने फिरेल. वेग ठरतो दोनच गोष्टींवर: ताऱ्याचे वस्तुमान आणि त्यापासूनचे अंतर. म्हणून ग्रहाच्या वेगाचा आकडा हा ग्रहापेक्षा त्याच्या ताऱ्याबद्दल अधिक सांगतो. कॅव्हेंडिशने १७९८ साली पृथ्वीची सरासरी घनता मोजली. त्याच प्रयोगावरून गुरुत्वस्थिरांकाचे मूल्य मिळते. तो स्थिरांक, पृथ्वीचा वेग आणि तिचे सूर्यापासूनचे अंतर एकत्र मांडले की सूर्याचे वस्तुमान हाती येते: एकावर तीस शून्ये देऊन त्याची दुप्पट, इतके किलोग्रॅम.

पण हे सगळे सूर्याच्या अंतरावर अवलंबून आहे. कॅसिनी आणि रिशे यांनी १६७२ साली पॅरिस आणि कायेन अशा दोन दूरच्या ठिकाणांहून मंगळ पाहून ते अंतर काढले. १७६१ आणि १७६९ च्या शुक्राच्या अधिक्रमणांनी ते सुधारले, आणि विसाव्या शतकात रडारने ते पक्के केले. २०१२ पासून खगोलीय एकक १४,९५,९७,८७०.७ किलोमीटर असे कायमचे ठरवून टाकले आहे. तरीही मनात प्रश्न राहतो. परीघ आणि वर्ष यांच्या भागाकारावर न विसंबता, पृथ्वी खरोखर २९.८ किलोमीटरने धावते हे थेट कळेल का?

कळते, आणि तो शोध मला या सगळ्या कथेत सर्वांत मोलाचा वाटतो. १७२५ च्या अखेरीस लंडनजवळ क्यू इथे सॅम्युअल मॉलिन्यू आणि जेम्स ब्रॅडली यांनी २४ फूट लांबीची एक दुर्बीण धुराड्याच्या भिंतीला उभी बसवली. तिच्यातून ते कालेय तारकासमूहातला, डोक्यावरून जाणारा एक तारा पाहत होते. वर्षभरात तारा आपल्या जागेवरून इकडे-तिकडे सरकला, पण पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो ज्या दिशेला सरकेल अशी अपेक्षा होती, त्या दिशेला नव्हे. १७२८ साली ब्रॅडलीला त्याचा उलगडा झाला. ताऱ्याचा प्रकाश दुर्बिणीच्या वरच्या टोकातून शिरून खालच्या टोकापर्यंत पोचायला थोडा वेळ घेतो. तेवढ्यात पृथ्वीबरोबर दुर्बीणही पुढे सरकते. २४ फुटांच्या नळीत हे सरकणे पाऊण मिलिमीटरहून कमी आहे. तरी तारा भिंगात मध्यभागी दिसावा म्हणून दुर्बीण प्रवासाच्या दिशेला तेवढी कलती धरावी लागते. हा कल २०.५ विकला, म्हणजे एका अंशाच्या सुमारे १७५ व्या भागाइतका. पृथ्वीचा वेग आणि प्रकाशाचा वेग यांचे प्रमाण त्यातून मिळते: जवळजवळ दहा हजारास एक. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. त्याचा दहा हजारावा भाग किती, हे तुम्हीच सांगा. नेमक्या आकड्यांनी केले तर २९.८. यात सूर्याचे अंतर कुठेच आलेले नाही, परीघ नाही, वर्षाचे सेकंद नाहीत. तरी उत्तर तेच. पृथ्वी फिरते याचा पहिला प्रत्यक्ष पुरावाही हाच.

आता आपल्या सूर्यमालेबाहेर जाऊ. १९९५ साली मिशेल मायोर आणि दिदिए क्वेलो यांनी ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचे जाहीर केले, आणि तेव्हापासून असे हजारो ग्रह सापडले आहेत. त्यांतल्या एकाशी आपले नाते आहे. सिंह राशीच्या दक्षिणेला, ३०० हून अधिक प्रकाशवर्षे दूर, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एक तारा आहे. त्याच्या ग्रहाचा शोध २००६ साली हवाई बेटांवरच्या केक दुर्बिणीने लागला. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने २०१९ साली या जोडीला नावे देण्याचा मान भारताला दिला. ताऱ्याचे नाव बिभा ठेवले गेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांची ती आठवण आहे. ग्रहाचे नाव संतमस, आणि ते सुचवले होते पुण्यातल्या एका शाळकरी विद्यार्थ्याने. संतमसाचा वेग आपण इथेच काढू.

दूरच्या ताऱ्याच्या ग्रहाचे अंतर सरळ मोजता येत नाही. पण केप्लरचा तिसरा नियम आणि न्यूटनचे गणित एकत्र केले की अंतर हिशेबातून निघूनच जाते. नियम असा उरतो: ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या पटीत घ्या, त्याला ग्रहाच्या प्रदक्षिणाकाळाने, वर्षांच्या पटीत, भागा, भागाकाराचे घनमूळ काढा आणि २९.८ ने गुणा. पृथ्वीसाठी एकला एकने भागायचे, घनमूळ एक, उत्तर २९.८. नियम निदान घरात तरी खरा ठरला.

संतमसाची प्रदक्षिणा २.१३७५ दिवसांची. त्याला ३६५.२५ ने भागले की ०.००५८५२ वर्षे. बिभाचे वस्तुमान सूर्याच्या १.२१ पट. १.२१ भागिले ०.००५८५२ म्हणजे सुमारे २०७. सहाचा घन २१६, तेव्हा घनमूळ सहाहून थोडे कमी, ५.९१. गुणिले २९.८. संतमस सेकंदाला १७६ किलोमीटर वेगाने धावतो, पृथ्वीच्या जवळजवळ सहापट. ताऱ्याच्या वस्तुमानात दहा टक्क्यांची चूक असेल असे धरले, तरी घनमुळामुळे वेगात ती तीन टक्क्यांचीच राहते. म्हणून या उत्तरावर भरवसा ठेवता येतो.

हा ग्रह कोणी पाहिलेला नाही. दिसतो तो त्याच्यामुळे डोलणारा तारा. ग्रह ताऱ्याला ओढतो, तारा किंचित पुढे-मागे होतो आणि डॉप्लर परिणामाने त्याच्या वर्णपटातल्या रेषा सरकतात. बिभाचा हा वेग सेकंदाला सुमारे २०८ मीटर आहे. त्यामुळे रेषेची तरंगलांबी बदलते ती साधारण १४ लाखांतल्या एका भागाने. तेवढे सरकणे शास्त्रज्ञांनी मोजले, ते दर २.१३७५ दिवसांनी पुन्हा येते हे पाहिले, आणि प्रदक्षिणाकाळ मिळाला. १७६ किलोमीटरला २०८ मीटरने भागले की सुमारे ८४६ येतात, म्हणजे तारा ग्रहाच्या ८४६ पट जड. त्यावरून संतमस गुरूच्या दीडपट वस्तुमानाचा ठरतो. कक्षेचा कल ठाऊक नसल्यामुळे हे किमान वस्तुमान समजायचे.

इथेही पडताळ्याचा प्रश्न येतो. आपण काढलेला वेग ग्रहाचा खरा वेग आहे, हे कोणी पाहिले आहे का? संतमसाचे नाही, पण त्याच्यासारख्या एका ग्रहाचे पाहिले आहे. एचडी २०९४५८ या ताऱ्याचा ग्रह साडेतीन दिवसांत फेरी मारतो. हिशेबाने त्याचा वेग सेकंदाला १४५ किलोमीटर येतो. २०१० साली चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपने त्या ग्रहाच्या वातावरणातल्या कार्बन मोनॉक्साइडच्या रेषा ताऱ्याच्या प्रकाशातून वेगळ्या काढल्या आणि त्या किती सरकतात ते मोजले. ग्रहाचा वेग आला १४०, दहाएक किलोमीटर इकडे-तिकडे. केप्लरने मंगळावरून आरंभलेला आणि न्यूटनने गणितात बसवलेला नियम दीडशे प्रकाशवर्षांच्या पल्ल्यावर खरा ठरला.

श्रोतेहो, राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. केप्लरचे तिन्ही नियम त्यात आहेत. मुले ते पाठ करतात, लिहितात, गुण मिळवतात. माझी इथल्या शिक्षकांना आणि पालकांना कळकळीची विनंती आहे की त्या नियमांत त्यांना आकडे घालू द्या. वर्गात एकदा तरी एका ग्रहाचा वेग दोन वेगळ्या वाटांनी काढून घ्या, आणि दोन उत्तरे जुळतात की नाही हे मुलांनाच तपासू द्या. नियम खरा आहे असे पुस्तकात छापले आहे, म्हणून मुलाने तो मानणे एक. तो खरा निघाला म्हणून मानणे निराळे. या दुसऱ्या सवयीतूनच विज्ञान उभे राहिले आहे. जिथे ती सवय सुटली, तिथे उत्तम आकडेही शेकडो वर्षे निरुत्तर राहिले.

सुरुवात आज घरी गेल्यावरही करता येईल. शुक्राची प्रदक्षिणा २२४.७ दिवसांची आहे आणि सूर्यापासून त्याचे अंतर पृथ्वीच्या ०.७२३ पट आहे. एकदा अंतराच्या वर्गमुळाने आणि एकदा काळाच्या घनमुळाने हिशेब करा. दोन्ही वेळा सेकंदाला ३५ किलोमीटर यायला हवेत.